दगडाचा वास

दुसरा चढ संपला तिथं पुलाच्या कठड्यावर मास्तर टेकले, आणि शिवणताईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. एक तर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. आणि दुसरं म्हणजे, सांगायचं होतं ते तेवढंच पुढे ढकललं गेलं.

पूल नावालाच पूल. खालून पाणी वाहायचं ते पावसाचे चार दिवस. एरवी गवत, फुटकी बादली आणि कुणीतरी फेकून दिलेली गादी. मास्तर त्या गादीकडेही असे बघत होते, जणू तीही ओढ्यानं वरून वाहून आणलेली एखादी शिळा आहे.

“डॉक्टर काय म्हणाले होते तुम्हाला?” शिवणताईनं विचारलं.

“चढ चढू नका म्हणाले.”

“मग हे काय चाललंय?”

“हा उतारच आहे. आपण उलट्या बाजूनं आलोय, त्याला मी काय करू?”

एरवी ती हसली असती. सकाळी उन्हं यायच्या आत दोघं निघाले होते. नदीला ओढा जिथं मिळतो तिथून सुरुवात, मग बाजारामागची गल्ली, शाळेचं मैदान, आणि मग वर, टेकडीकडे. इतकी वर्षं मास्तर लोकांना वरून खाली नेत आले, झऱ्यापासून नदीपर्यंत. आज त्यांनी हट्टानं उलटं काढलं. म्हणाले, “शेवट त्याच्यापाशी करू. मग उठायची घाई नको.”

रविवारी नवी तुकडी सुरू होणार होती, आणि पहिल्यांदाच ती मास्तर चालवणार नव्हते. छातीचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तुकडी शिवणताई चालवणार होती. म्हणून आज तिला वाट सोपवायची होती, घरातली मोठी माणसं किल्ल्या सोपवतात तशी. कुठं थांबायचं, कुठं गप्प राहायचं, कुठं लोकांना बसू द्यायचं, सगळं ते सांगत होते आणि ती ‘हं, हं’ करत होती. पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कारण ज्या झऱ्याला भेटायला मास्तर जिवावर उदार होऊन चढत होते, तो झरा नव्हताच. तो फुटका नळ होता. टाकीकडून गावात येणाऱ्या मोठ्या लाइनचा जोड टेकडीच्या पायथ्याशी सुटला होता आणि ते पाणी दगडाखालून पाझरत होतं. शिवणताईला हे कळून तीन-चार दिवस झाले होते. मास्तरांना कळलं नव्हतं.

“चल,” मास्तर उठले. “तुझं तोंड का उतरलंय? रविवारची भीती वाटते?”

“वाटते की.”

“वाटू दे. मला अजून वाटते.”

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. पण गावात त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. गाव त्यांना ओलमास्तर म्हणायचं. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी उठून भिंतीला तळवा लावायचे. “इथं ओल आहे. बाहेरच्या बाजूला जमीन कशी उतरते, पाहू का?” यजमान बिचारा कपबशी हातात धरून त्यांच्यामागे अंगणात. लग्नाच्या बोलणीसाठी आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी असं केलं म्हणून एका घरानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाजारात पोरं ओरडायची, “आले ओलमास्तर, भिंती झाका.” मास्तर मागे वळून हात करायचे.

त्यांनी तुकड्या सुरू केल्या तेव्हाही लोकांना वाटलं, निवृत्त माणूस, वेळ जात नाही, चाललंय काहीतरी. दर वर्षी दहा-बारा माणसं गोळा करायची आणि त्यांना गावची जमीन शिकवायची. फी नाही, परीक्षा नाही. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी यायचंच, आणि शिकून झालं की आपण दुसऱ्या कुणाला तरी घेऊन फिरायचं. पहिल्या दिवशी ते सगळ्यांना शाळेच्या मैदानावर उभे करायचे, तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि म्हणायचे, “याच्या मागे जा.”

बस. एवढाच पहिला धडा. मग ती मोठाली माणसं, कुणी परिचारिका, कुणी बँकेतला, कुणी तीन नातवंडांची आजी, कंबरेत वाकून त्या ओघळामागे चालायची. ओघळ थांबला की मास्तर आणखी पाणी ओतायचे. कुंपणाबाहेरून लोक विचारायचे, “काय हरवलं हो?”

“गाव,” मास्तर सांगायचे.

त्यांचा नियम ठरलेला होता. आधी पाय, मग डोळे, शेवटी तोंड. जमीन आधी पायाला कळते, मग डोळ्यांना, आणि दोघांचं एकमत झालं तरच बोलायचं. हे ते इतक्यांदा म्हणायचे की त्यांच्या मागे लोक नक्कल करायचे. कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही की या सगळ्यात नाक कुठंच नव्हतं.

शिवणताई त्यांच्याकडे आली ती ओलीमुळेच. तिच्या शिवणाच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांना खालून बुरशी लागायची. मास्तरांनी बघितलं, म्हणाले, “मशीन त्या भिंतीला घे, कापड या भिंतीला. आणि रविवारी ये, त्याचं कारण तुला वरून दाखवतो.” ती गेली आणि गेलीच. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात नाव ठेवलं, भटकभवानी. “दगडं बघायला जाते म्हणे. घरात काय कमी दगडं पाहिली?” असं म्हणून त्या लेकाच्या फोटोकडे बघायच्या, आणि मग दोघी सासूसुना हसायच्या.

कापडाचा हात तिला तिथं उपयोगी पडला. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो आणि तिरकं धरलं की ते ताणतं, हे तिला शिकवावं लागलं नाही. टेकडीच्या कुशीपाशी उभी राहून ती एकदा सहज म्हणाली, “मास्तर, इथं जमीन चुण्या घालून बसवलीय. कापड जास्त झालं असणार.” मास्तर बराच वेळ त्या चुण्यांकडे बघत राहिले. त्यानंतर प्रत्येक तुकडीला ते तिथं थांबवून सांगायचे, “याला आपल्यात चुण्या म्हणतात.” तिचं नाव घ्यायचे आणि ती पदरानं तोंड पुसल्यासारखं करायची.

झऱ्यापाशीही त्यांनीच तिला पहिल्यांदा नेलं, तिच्या तुकडीबरोबर. टेकडीच्या पायथ्याशी, एका सपाट मोठ्या दगडाखालून, हाताच्या बोटाएवढं पाणी. आजूबाजूला रखरखाट आणि तेवढ्याच तुकड्यात हिरवी लव्हाळी, नेचे, चिमुकले बेडूक. शिवणताईला ते बघून भरून आलं. ती देवभोळी नव्हती, पण देव मानायची, गाजावाजा न करता, जसं कुणी रोज वेळेवर उठतं. माणसानं न मागता जिथं पाणी येतं तिथं हात जोडावेत असं तिला वाटलं, आणि तिनं जोडले. मग ओंजळ भरून तोंडाशी नेली, आणि थबकली.

वास ओळखीचा होता. रोज सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा पहिल्या बादलीला येतो तो. जंतू मारायच्या पावडरचा.

“वास येतोय ना?” मास्तर म्हणाले. “दगडाचा वास आहे तो. दगडातून येतं ना पाणी.”

सगळ्यांनी ओंजळी नाकाशी नेल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. “हो, दगडाचाच.” एक जण तर म्हणाला, “काय शुद्ध वास आहे.” शिवणताईनं परत हुंगलं. मनात म्हणाली, असेल. आपण जन्मात नळाखेरीज दुसरं पाणी प्यायलो नाही. आपलं नाक अडाणी. आणि आश्चर्य असं की दोन-तीन फेऱ्यांनंतर तिलाही तो वास दगडाचाच वाटायला लागला. घरच्या बादलीला आला तरी तिच्या मनात यायचं, अगंबाई, दगडाचा वास.

मास्तरांचं झऱ्याशी काय नातं होतं ते तिला पुढे औषधवाल्यानं सांगितलं. औषधवाला पहिल्या तुकडीतला, मास्तरांपेक्षा थोडा लहान, गावभर थट्टा करत फिरणारा. पण हे सांगताना त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली.

बाजारामागच्या गल्लीत मास्तर आणि त्यांची बायको एका खोलीत राहायचे. खोली मास्तरांनीच पसंत केली होती. भर उन्हाळ्यात गार राहायची. फरशीवर नुसतं आडवं झालं तरी पंख्याची गरज नाही. येईल त्याला मास्तर कौतुकानं म्हणायचे, “चप्पल काढून पाय ठेवून बघा.” कोपऱ्यात भिंतीला पोपडे यायचे, दर वर्षी ते स्वतः रंग द्यायचे. त्या भिंतीवर त्यांनी टेकडीचं मोठं चित्र काढलं होतं, त्यालाही खालून पोपडे यायचे आणि ते पुन्हा पुन्हा टेकडीचा पायथा रंगवायचे. आपण ओढ्यावर झोपतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओढा पूर्वीच मोठाल्या नळांत घालून वरून गल्ली केली होती. गाव विसरून गेलं होतं.

एका दुपारी टेकडीकडे ढग फुटला. नळाची तोंडं कचऱ्यानं तुंबली, आणि ओढा गल्लीत वर आला. मास्तर शाळेत होते. बायको जेवून आडवी झाली होती. खोलीचं दार बाहेर उघडणारं. बाहेरून पाणी टेकलं की ते आतून एकट्या माणसाला ढकलता येत नाही.

“रात्रभर पाण्यात उभा होता तो माणूस,” औषधवाला म्हणाला. “घाणेरडं पाणी, छातीएवढं. सकाळी आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं. महिनाभर तापानं फणफणला. मला वाटलं, हाही जातो.”

तो गेला नाही. उठला, आणि चालत सुटला. ज्यानं तिला नेलं तो येतो तरी कुठून, हे बघायला. आयुष्यभर टेकडी रंगवली पण टेकडीवरचं पाणी कुठं जातं हे कधी विचारलं नाही, या एका गोष्टीचा त्याला स्वतःचा राग होता. असं फिरता फिरता टेकडीच्या पायथ्याशी त्याला ते बोटाएवढं पाणी दिसलं. औषधवाल्यानं त्याला तिथून शोधून आणलं तेव्हा तो दगडावर बसून, पाय पाण्यात सोडून, लहान मुलासारखा शांत होता. म्हणाला, “हा इथं तान्हा आहे रे. तान्ह्यानं कुणाचं काय वाईट केलंय? आपणच त्याला कोंडलं.”

त्या दिवसापासून तो जेवायला लागला, असं औषधवाला म्हणाला. आणि वर्षाभरात पहिली तुकडी सुरू झाली.

‘हा इथं तान्हा आहे’ हे वाक्य शिवणताईनं मास्तरांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं. नव्या माणसांना वाटायचं, चित्रकार आहेत, बोलतात गोड. ती मात्र औषधवाल्यानं सांगितल्यापासून त्या वाक्याला मान खाली घालायची.

आणि मग या आठवड्यात पाणीखात्यातला फिटर पँटची उंची कमी करायला आला.

“चिखलात फार जावं लागतंय, ताई,” तो म्हणाला. “खालून दोन बोटं उचला. टेकडीखाली मोठ्या लाइनला गळती सापडलीय. वर्षानुवर्षं चालू असणार, बेडूक राहायला आलेत तिथं.”

शिवणताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या काढून हातात घेतल्या. “टेकडीखाली कुठं?”

“तो सपाट दगड आहे बघा, त्याच्या मागे. पुढच्या आठवड्यात खोदून जोड बदलतो. अहो, लोक तिथं हात जोडून जातात म्हणे.”

“मीसुद्धा जोडते.”

“मग घरच्या नळालाही जोडत जा,” तो हसला. “त्याचं तर बिलही येतं.”

“तो झरा नसेल कशावरून?”

“वास घ्या की. पावडर मी टाकतो टाकीत, मला कळणार नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळाखाली पेला धरला, डोळे मिटले, आणि प्रामाणिकपणे हुंगला. मग पेला ठेवून ती तिथंच मोरीच्या कडेला बसली. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, पाणी बिघडलंय का?” ती म्हणाली, “नाही. पाणी ठीक आहे.”

ती औषधवाल्याकडे गेली. तो ऐकून कपाळाला हात लावून राहिला. ज्याच्या फळीवर पावडरचे डबे ओळीनं मांडलेले, त्यालाही इतकी वर्षं दगडाचाच वास आला होता. मास्तर म्हणाले, म्हणून. जो माणूस ‘आपल्या पायांवर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा’ असं घसा कोरडा करून सांगत होता, त्याच्यावर विश्वास ठेवायच्या नादात एवढ्या माणसांनी आपापलं नाक गहाण टाकलं होतं.

“सांगू नका त्याला,” औषधवाला शेवटी म्हणाला. “किती दिवस राहिलेत त्याचे? पाणी बंद झालं की म्हणू, झरा आटला. आटतात झरे. खोटंही नाही ते.”

“आणि रविवारी मी नव्या लोकांना काय सांगू? कसला वास म्हणू?”



पुलापासून वरची वाट अरुंद होती. मास्तर पुढे, ती मागे, ते पडले तर धरायला. दोनदा तिनं तोंड उघडलं. एकदा मास्तर म्हणाले, “इथं लोकांना बोलू देऊ नकोस, चढावर बोललं की पाय आंधळे होतात.” दुसऱ्यांदा ते स्वतःच थांबले, छातीवर हात ठेवून, आणि तिनं मागून त्यांच्या पाठीला हात लावला. तिनं देवाचं नाव घेतलं. सांगायचं बळ दे असं म्हणायचं होतं तिला, पण तोंडातून निघालं, यांना वरपर्यंत पोचव.

पोचले. सपाट दगडावर बसून मास्तरांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. त्यांच्या पिंढऱ्या काडीसारख्या झाल्या होत्या. एक बेडूक उडी मारून लव्हाळीत गेला. मास्तरांचा श्वास हळूहळू खाली बसला, आणि चेहऱ्यावर ते आलं जे औषधवाल्यानं पाहिलं होतं. कडेवरचं मूल झोपी जाताना दिसतं तसं.

“इथं आलं की मी तिच्याशी भांडत नाही,” ते म्हणाले. बायकोबद्दल ते कधीच बोलत नसत. “खाली गल्लीत गेलो की अजून भांडतो. दार का नाही उघडलंस म्हणतो. इथं नाही.”

शिवणताईला वाटलं, उठून पळून जावं. औषधवाल्याचं ऐकावं. मग तिला रविवार दिसला. दहा-बारा माणसं ओंजळी नाकाशी धरून तिच्या तोंडाकडे बघतायत.

“मास्तर, एक विचारू?”

“परवानगी काढून विचारणारा माणूस विचारत नसतो. सांगत असतो. सांग.”

“हे पाणी नळाचं आहे.”

मास्तरांनी ऐकलं नाही असं तिला क्षणभर वाटलं. ते पाण्याकडेच बघत होते.

“कुणी सांगितलं?”

“पाणीखात्यातल्या फिटरनं. टाकीची लाइन या दगडामागून जाते. जोड सुटलाय.”

“टाकी...” मास्तर म्हणाले, आणि ओल्या मातीत बोटानं एक रेघ काढली. टाकी कुठं, टेकडीचा उतार कसा, लाइन कशी जात असेल. हात चित्रकाराचा, रेघ सरळ आली. “टाकी बांधली ती पुराच्या जरा आधी. म्हणजे बसतं. पण ही लव्हाळी? नेचे?”

“त्यांना काय मास्तर, पाण्याशी मतलब.”

“हो. ती कशाला विचारतायत कुठून आलं.” त्यांनी रेघेकडे पाहिलं. “फिटरला कशावरून कळलं?”

“वासावरून. पावडरचा येतो.”

“तुला येतो?”

“येतो.”

“आत्ता?”

“आत्ताही.”

“आणि पहिल्या दिवशी, मी तुला घेऊन आलो तेव्हा?”

खोटं बोलणं तिथं फार सोपं होतं. ती म्हणाली, “आला होता. पण तुम्ही दगडाचा म्हणालात.”

खाली गावात कुठंतरी लाकूड कापायचं मशीन चालू झालं आणि थांबलं.

“मला वासच येत नाही,” ते म्हणाले. “त्या तापात गेला. दूध नासलेलं कळत नाही, करपलेलं कळत नाही. कुणाला सांगायचं? एकट्या माणसाच्या घरात कोण विचारतंय? पहिल्या तुकडीला इथं आणलं, आणि औषधवाल्यानं विचारलं, मास्तर, हा कसला वास? मला लाज वाटली. शिकवायला उभा राहिलेला माणूस, त्याला वास येत नाही कसं म्हणायचं? तोंडाला आलं ते बोललो. दगडाचा. सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, बरोबर असेल, एवढी माणसं म्हणतायत.”

“आणि आम्हाला वाटलं, बरोबर असेल, मास्तर म्हणतायत.”

मास्तर हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. हसता हसता त्यांनी एक पाय पाण्यातून बाहेर काढला, मग दुसरा. खिशातून रुमाल काढून ते पाय पुसायला लागले, एकेक बोट, मधल्या सांदीसकट, परक्या घरातून निघताना पुसावेत तसे. हसणं कधी संपलं ते शिवणताईला कळलं नाही. रुमाल पायावर होता आणि डोळ्यांतलं पाणी रुमालावर पडत होतं.

“मी नळाला माफ करून बसलो,” ते म्हणाले. “इतकी वर्षं. आणि तिला नेलं तो कुणी वेगळाच. त्याला मी अजून पाहिलंही नाही.”

समजूत घालणारे शब्द सगळे शिवणताईजवळ होते, ज्याच्या त्याच्या दारी जाऊन आपण बोलतो ते. पण त्यातला एकही इथं खरा नव्हता. तिनं त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांशी सरळ लावून ठेवल्या. मग, काय करावं ते न कळून, नेहमीसारखे हात जोडले. पाणी नळाचं असलं तरी ज्याच्यापुढे जोडत होती तो काही दगडाखाली राहत नव्हता. तिच्याजवळ मागायलाही काही नव्हतं. नुसते जोडले.

ऊन दगडावर आलं. मास्तरांनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला. शिवणताईला वाटलं, आता म्हणतील, चल. त्यांनी दगडाला तळवा लावला, लोकांच्या भिंतींना लावायचे तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“जोड कधी बदलणार?”

“पुढच्या आठवड्यात.”

“नळाच्या पाण्याखाली दुसरं पाणी असलं तर आज कुणाला कळणार नाही. तुला नाही, फिटरला नाही. असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक नसेलच.” ते थांबले. “मला परत इथं येणं व्हायचं नाही. आजचंही कसं झालं ते तू पाहिलंस.”

“मी आणीन तुम्हाला. गाडी करू.”

“गाडी पुलापर्यंत येते. तू ये. खोदून झाल्यावर लगेच नको, माती प्यायलेलं पाणी उशिरा सोडते. लव्हाळी पिवळी पडू दे. तुकडीला घेऊन येऊ नकोस, औषधवाल्यालाही नको, तो मला बरं वाटेल असं काहीतरी शोधून काढेल. एकटी ये. दगडाखाली हात घाल, कोपरापर्यंत घाल. नाकाशी ने. मग सरळ माझ्याकडे ये, वाटेत विचार करत बसू नकोस. ओल असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण.”

शिवणताईनं मान डोलावली.

“मान डोलावू नकोस,” मास्तर म्हणाले. “आणि हे बघ, दोन्हींपैकी जे असेल ते एकाच आवाजात सांग. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस. एवढं कर माझं.”